जेट्या पुष्कळ झाल्या, आता बोट सोडा

मा. बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,


आपल्या खात्याला सध्या चांगले दिवस आले आहेत. वाढवणला ७६,२०० कोटी रुपयांचं बंदर व्हायचं आहे. न्हावाशेव्याच्या कंटेनरांचे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात. नौदलाच्या झेंड्यावर २०२२ पासून शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राचे आहेत. सभेत कान्होजी आंग्र्यांचं नाव निघालं की टाळी पडते. आपण दर्यावर्दी लोक आहोत, याबद्दल व्यासपीठावर कुणालाच शंका उरलेली नाही.

शंका येते ती धक्क्यावर. मुंबईहून हर्णै, रत्नागिरी किंवा देवगडला जाऊ पाहणाऱ्या माणसाला साध्या तिकिटाची, वार आणि वेळ ठरलेली, बारमाही नाही तरी आठमाही बोट आपल्या राज्याने कित्येक वर्षं दिलेली नाही. कंटेनरला समुद्र आहे, कोळशाला आहे, खनिजाला आहे. माणसाने मात्र पनवेलला जाऊन, २०११ पासून रुंद होत असलेल्या महामार्गावर हाडं खिळखिळी करून घ्यायची. घराच्या अंगणातून दिसणारा समुद्र त्याच्या उपयोगाचा नाही.

आपण मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला गाड्यांसह माणसं नेणाऱ्या रो-रो बोटीची घोषणा केलीत, हे मला ठाऊक आहे. हे पत्र त्या बोटीविरुद्ध नाही. ती चालावी, चांगली चालावी. पण तिच्या घोषणेच्या निमित्तानेच काही गोष्टी लिहाव्याशा वाटल्या, कारण कोकणच्या बोटीची घोषणा ही कोकणात नवी गोष्ट नाही. बोट नवी असते.

आधी थोडं जुनं. कोकण आणि मुंबई यांच्यामधला रस्ता म्हणजे एके काळी समुद्रच होता. गिरणगावातल्या खोल्या ज्यांनी भरल्या, त्यांतले असंख्य लोक आगबोटीने आले. सकाळी मुंबईचा धक्का सोडलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत दुसऱ्या दिवशी पणजीला पोचायची. बऱ्याच बंदरांत तिला लागायला धक्काच नव्हता. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची, भोंगा द्यायची, आणि किनाऱ्यावरून पडाव सुटायचे. खलाशी बायकांना, पोरांना, ट्रंकांना आणि आंब्याच्या करंड्यांना कमरेएवढ्या पाण्यातून उचलून पडावात ठेवायचे. पडाव बोटीला भिडला की लाटेने तो वर उचलला जाईल त्या क्षणी शिडी धरायची. क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट बघायची, आणि तोवर वरून ओरडणाऱ्यांचं ऐकायचं. आपल्या खात्याच्या आजच्या निकषांत यातली एकही गोष्ट बसणार नाही, आणि बसू नयेच.

आधी शेफर्ड कंपनीची बोट होती. पुढे किलिक निक्सनच्या हाताखालची बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन आली. तिला टक्कर द्यायला स्वदेशीच्या लाटेत इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी निघाली. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणू लागले. तिकिटाच्या खिडकीवर उभं राहून कुठली कंपनी आपली आणि कुठली साहेबाची, हे डेकचा प्रवासी ठरवत होता. अखेरच्या काळात ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ होत्या, आधी चौगुल्यांच्या आणि मग मोगल लाइनच्या. ऐंशीच्या दशकात ही सेवा आटत गेली. तोवर रस्ते झाले होते, एसटी वाडीपर्यंत जाऊ लागली होती, आणि पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वेही पूर्ण झाली. बोट कुणी मारली नाही. ती थकली आणि तिच्या जागी कुणी आलं नाही.

मला त्या दिवसांचे कढ काढायचे नाहीत. डेकवर सतरंजी पसरून, शेजारच्याच्या ओकाऱ्या चुकवत ज्यांनी रात्र काढली, त्यांना विचारलं तर ते एसटीच बरी म्हणतील. पण एक गोष्ट तेव्हा होती. कुठल्या वारी, साधारण किती वाजता बोट बंदरात येणार, हे गावाला पाठ होतं. मे संपत आला की बोटी बंद, पाऊस ओसरला की सुरू, हेही ठरलेलं. मधले महिने समुद्राचे आहेत, हे सगळ्यांना मान्य होतं. कुणी त्याबद्दल कंपनीला शिव्या देत नव्हतं.

मुंबई बंदराच्या आडोशातल्या फेऱ्या मात्र पावसातही चालत. त्यातल्याच एका फेरीवर ‘रामदास’ होती. १७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गटारीला घरी निघालेली माणसं, बाजार करून परतणारी माणसं. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटलेली ही बोट काशाच्या खडकाजवळ वाऱ्या-लाटांत सापडली. ती कलली, भेदरलेले लोक एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून जास्त जीव गेले. मुंबई तिथून काही मैलांवर होती, पण मुंबईला तासन्‌तास पत्ता नव्हता, कारण बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हतं. वाचले त्यांतल्या पुष्कळांना रेवसच्या बाजूने मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी हातातलं काम टाकून बाहेर काढलं. त्याआधी वीस वर्षं, नोव्हेंबर १९२७ च्या वादळात, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या होत्या. अलिबाग-रेवसच्या पट्ट्यात ‘रामदास’चं नाव अजून आवाज खाली आणून घेतलं जातं.

‘रामदास’नंतर बिनतारी यंत्राची सक्ती झाली. आता १८ डिसेंबर २०२४ ला या. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची, इंजिनाची चाचणी चाललेली वेगवान बोट आदळली. १५ जण गेले. धडक लाँचने दिली नव्हती. पण लाँचमध्ये परवानगीपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं, हेही खरं. त्यानंतर गेटवेवर जॅकेट घातल्याशिवाय कुणाला बोटीत पाऊल टाकू देईनात.

एकदा बिनतारी, एकदा जॅकेट. माणसं बुडाली की एकेक वस्तू सक्तीची होते. सक्ती होत नाही ती एका माणसाची. बोट सुटायच्या आधी डोकी मोजणारा, वाऱ्याकडे बघून ‘आज जायचं नाही’ म्हणणारा, आणि तसं म्हटल्याने ज्याच्या पोटावर पाय येत नाही असा माणूस. लाँचच्या तांडेलाला वाऱ्याचं ज्ञान आपल्या-माझ्यापेक्षा जास्त असतं. पण फेरी रद्द केली तर दिवसाचं डिझेल अंगावर, खलाशांचा पगार अंगावर, बँकेचा हप्ता अंगावर. असा माणूस धोका पत्करतो तेव्हा त्याला लोभी म्हणून मोकळं होता येत नाही. ‘आज नाही’ म्हणण्याची किंमत कुणीतरी आधीच भरून ठेवावी लागते. ती सरकारने भरायची असते. माझं सगळं म्हणणं या एका वाक्याभोवती आहे.

आपलं खातं पैसे खर्च करत नाही, असं मी म्हणणार नाही. करतं. ते जेट्यांवर करतं. या किनाऱ्यावर एखादा मंत्री आला की नारळ जेटीचा फुटतो. जेटीला ठेकेदार असतो, निविदा असते, काँक्रीट असतं, कोनशिला असते, फोटो असतो. बोटीला यातलं काही नसतं. बोटीला रोजचं डिझेल लागतं, वर्षातून एकदा तिला वर ओढून तळ घासून रंगवावा लागतो, इंजिनाचे सुटे भाग लागतात, सारंग लागतो, त्याच्या आजारपणाच्या दिवशी दुसरा सारंग लागतो. जेटी एकदाच बांधायची असते, बोट रोज चालवायची असते. म्हणून आपल्याकडे जेटी आधी होते आणि बोट कधीतरी कुणीतरी आणेल, अशी आशा असते. एसटीने १९४८ मध्ये नुसते स्टँड बांधले असते आणि गाड्यांसाठी इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले असते, तर १ जूनला पुण्याहून नगरला सुटलेली ती पहिली गाडी अजून सुटायची असती.

आणि जेट्याही कशा? काही ठिकाणी जेटी आहे, पण ओहोटीला तिच्याखाली चिखल असतो. काही ठिकाणी पाणी आहे, पण तिथपर्यंत रस्ता नाही. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. म्हणजे सकाळी जेटीच्या काठाला लागलेली बोट दुपारी एका मजल्याने खाली गेलेली असते. म्हाताऱ्या माणसाने शेवाळलेल्या पायऱ्यांवरून, खलाशाचा हात धरून, हलत्या बोटीत उडी मारायची. याला उपाय आहे आणि तो महागही नाही: तरंगती जेटी, जी पाण्याबरोबर वर-खाली होते. बोटीचा काठ आणि जेटीचा काठ कायम एका पातळीत. चाकाच्या खुर्चीतला माणूसही चढू शकतो. तरीही आपल्याकडे अजून पायऱ्याच बांधल्या जातात. खाड्यांच्या मुखांशी वाळूचे दांडे सरकत असतात, पावसाळ्यात डोंगराची माती येऊन गाळ बसतो. एकदा उपसून भागत नाही. गाळ उपसायला दरवर्षी पैसे लागतात, आणि दरवर्षी लागणाऱ्या पैशाचं उद्घाटन करता येत नाही.

इथे जे चालतं तेही सांगायला हवं. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट वाशिष्ठीच्या मुखाशी चालते आहे. त्याआधी दापोलीहून गुहागरला जायचं म्हणजे चिपळूणला वळसा. आता गाडी चढवायची आणि काही मिनिटांत पलीकडे. पुढे तशीच सावित्रीवर वेसवी-बागमांडला, शास्त्रीवर जयगड-तवसाळ, राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी. तिकडच्या लोकांनी या फेरीबोटीला जंगलजेटी असं झकास नाव दिलं आहे. हे सगळं खाजगी माणसांनी उभं केलं, स्थानिक माणसांनी. ते का चाललं? कारण गरज खरी होती, अंतर थोडं होतं, खाडीचं पाणी आडोशाचं होतं आणि फेऱ्या ठरलेल्या वेळेला सुटत राहिल्या. चार गाड्या असोत की चाळीस, बोट निघते. या भरवशावर दापोली आणि गुहागर हे दोन तालुके शेजारी झाले.

मांडव्याचंही तसंच. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींचं तिकीट काढलं की अलिबागची बस त्यातच येते. बोट लागते, बाहेर बस उभी असते. ही साधी गोष्ट बोटवाल्यांना सुचली आणि अलिबागला कितीतरी माणसं पाण्यावरून जाऊ लागली. मग मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो आली. रस्त्याने शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा, पाण्याने साधारण तासाभराचं अंतर. तिथे सरकारने लाटा अडवायला बांध घातला, गाळ काढला, धक्का नीट बांधला, आणि मगच खाजगी बोट टिकली. समुद्राचं काम सरकारने केलं, बोट चालवायचं काम दुसऱ्याने केलं. ही वाटणी मला मान्य आहे. फक्त तिच्यात एक भोक आहे: जिथे प्रवासी श्रीमंत नाहीत, तिथे ही वाटणी चालत नाही.

बेलापूरचं उदाहरण घ्या. तिथे आठ कोटींहून जास्त खर्चून जेटी बांधली, फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठा समारंभ करून वॉटर टॅक्सी सुरू झाली. भाऊच्या धक्क्यापर्यंत मोठ्या बोटीचं तिकीट २९० रुपये, स्पीडबोटीचं आठशेच्या वर. नव्या मुंबईतून रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाच्या खिशात लोकलचा महिन्याचा पास असतो, त्याला हे तिकीट परवडणार कसं? शिवाय भाऊच्या धक्क्यावर उतरून पुढे ऑफिस गाठायला टॅक्सी. प्रवासी मिळाले नाहीत आणि सेवा बंद पडली. मग म्हटलं गेलं की मुंबईकरांना जलवाहतूक नको आहे. मुंबईकरांना ते भाडं नको होतं.

आता जरा आपल्या सीमेपलीकडे बघा. बांद्याच्या पुढे गोवा लागला की नद्यांवर सरकारी फेरीबोटी दिसतात. तिथे नदी परिवहन खातं आहे. दिवाडी, चोडण अशा बेटांवरची माणसं त्या बोटीने शाळेत, बाजारात, दवाखान्यात जातात. पायी चढणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. त्या बोटी देखण्या नाहीत, आवाज करतात, कधी बंद पडतात, आणि गोव्यातले लोक त्यांच्याबद्दल मनसोक्त तक्रार करतात. तक्रार करायला खातं आहे, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. केरळात १९६८ पासून राज्य जलवाहतूक खातं आहे, त्याचं मुख्यालय आलप्पुळ्याला. वैकमच्या फेरीवर २०१७ पासून त्यांची ‘आदित्य’ ही ७५ माणसांची बोट सूर्याच्या विजेवर चालते. कोचीत एप्रिल २०२३ मध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली. बोटी कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या. तिकीट २० रुपयांपासून, आणि जेटी तरंगती. मुंबईसाठी त्याच कोचीच्या मंडळींचा सल्ला घेतला जातो आहे, हे चांगलं आहे. फक्त त्यांच्याकडून बोटीचा नकाशा घेताना तिकिटाचा दर कसा ठरवला, तेही विचारून घ्या.

आपल्याकडे १९९६ पासून मेरिटाइम बोर्ड आहे. ते परवाने देतं, बोटींची तपासणी करतं, जेट्या बांधतं. बोट चालवत नाही. एसटी डोंगराळ गावाला तोट्यात गाडी सोडते, कारण गाव आहे. ७५ वर्षांवरच्या माणसाला एसटी फुकट आहे, बाईला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि त्याचे पैसे सरकार महामंडळाला देतं. तीच म्हातारी धोपाव्याला एसटीतून उतरून फेरीबोटीत चढली की तिची सवलत पाण्यात जाते. बोटीचा मालक खाजगी आहे, हा तिचा दोष नव्हे. सवलतीचे पैसे बोटवाल्याला देणं हे मंत्रालयातल्या एका फाइलचं काम आहे. मोठी योजना येईपर्यंत एवढं तरी करता येईल.

आता गणपतीबद्दल बोलू, कारण कोकणच्या बोटीची प्रत्येक घोषणा गणपतीची तारीख धरून होते. जयगड-विजयदुर्गची बोटही २०२५ च्या गणपतीच्या सुमारास सुरू व्हायची होती. गणपती आले, गेले, मुहूर्त पुढे सरकला. मला त्याचं नवल वाटलं नाही. श्रावण-भाद्रपदात उघड्या समुद्रावर पहिली बोट घालणं म्हणजे नव्या सुनेला पहिल्याच दिवशी दोनशे माणसांचा स्वयंपाक सांगणं. मच्छीमार नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात तोही एक अंदाज असतो. समुद्र त्या तिथीला बांधील नाही. चाकरमान्यांची गर्दी त्याच आठवड्यात असते, टीव्हीचे कॅमेरे त्याच आठवड्यात असतात, हे मला कळतं. पण बोट राजकारणाच्या कॅलेंडरवर चालवायला गेलं की ती एकदा रद्द होते, दोनदा रद्द होते आणि तिसऱ्यांदा लोक रेल्वेचं वेटिंग तिकीट काढून मोकळे होतात.

बोट दिवाळी आटोपल्यावर सुरू करा. कार्तिकात वारा पडतो, समुद्र शांत होतो. पुढे देवदिवाळी आहे, गावोगावच्या जत्रा आहेत. फाल्गुनात शिमगा आहे आणि शिमग्याला पालखी घरी यायची म्हणून मुंबईहून निघणारी गर्दी गणपतीच्या गर्दीहून फार कमी नसते. मग मे महिन्याची सुट्टी, आंबा, लग्नसराई. समुद्राने सलग सहा महिने दिलेले असतात. त्या काळात खलाशांना मार्ग सवयीचा होतो, कुठल्या जेटीवर कोणत्या तिथीला किती पाणी असतं ते कळतं, बोटीची दुखणी बाहेर येतात. एवढं झाल्यावर पुढच्या गणपतीला बोट सोडायची की नाही, हे ती चालवणाऱ्यांनाच ठरवू द्या. ते नाही म्हणाले तर त्यांच्या बाजूने उभे राहा. पत्रकार परिषदेत ‘हवामान खराब आहे, बोट जाणार नाही’ एवढंच सांगणारा मंत्री कोकणाने अजून पाहिलेला नाही.

वेगाबद्दलही एक विनंती. हल्ली प्रत्येक घोषणेत ‘अमुक तासांत रत्नागिरी’ असतं. पाण्यात वेग फार महाग पडतो. साध्या बांधणीच्या बोटीचा वेग दुप्पट करायचा तर इंजिनाची ताकद ढोबळमानाने आठपट लागते. म्हणजे डिझेल, म्हणजे तिकीट. वेगवान बोट हवीच असेल तर चालवा, ज्याला घाई आहे तो पैसे मोजेल. पण कोकणातल्या माणसाला घाईपेक्षा पाठ टेकायला जागा हवी असते. संध्याकाळी मुंबईहून निघणारी, रात्रभर सावकाश जाणारी, उजाडताना रत्नागिरीला पोचणारी बोट हा मागासलेपणा नाही. खाजगी बसवाले नेमकी हीच वेळ विकतात. समुद्रावर ती रात्र खड्ड्यांविना जाईल आणि गाडी उलटून पहाटे बातमी येणार नाही.

आपले अधिकारी यावर म्हणतील की आता रेवस-रेड्डी सागरी महामार्ग होतो आहे. खाड्यांवर पूल येत आहेत. पूल झाल्यावर बोट कोणाला हवी? प्रश्न रास्त आहे. पूल झाला की खाडीच्या मुखाजवळची फेरीबोट बहुधा बंद होईल, आणि ज्यांनी ती वीसेक वर्षं चालवली त्यांच्या पोरांना दुसरा धंदा बघावा लागेल. त्यांच्याबद्दल कुठल्याही आराखड्यात एक ओळ नाही. पण पूल हा मुखाशी असतो. दाभोळच्या खाडीत आत, वाशिष्ठीच्या दोन्ही काठांवर वाड्या आहेत. शास्त्रीच्या आत आहेत, मुचकुंदीच्या आत आहेत. पुलाने त्यांचा वळसा फार कमी होत नाही. त्यांच्या अंगणाला पाणी लागतं आणि दवाखाना डोंगरापलीकडे आहे. तिथे चाळीस माणसांची, उथळ तळाची, बॅटरीवरची लहान बोट सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी फिरली, तर शाळेतल्या मुलींचा प्रश्न सुटेल. या बोटीचं उद्घाटन लहान असेल. दिल्लीहून कुणी येणार नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. एकच खाडी घ्या. मी वाशिष्ठी सुचवीन, कारण तिथे फेरीबोटीची सवय आहे आणि भरती गोवळकोटपर्यंत पोचते. तिच्यावर राज्याची म्हणून एक बोट घाला. एसटीसारखं तिचं तिकीट ठेवा, एसटीच्याच सवलती द्या, दाभोळच्या स्टँडवर तिचं वेळापत्रक एसटीच्या वेळापत्रकाशेजारी रंगवा आणि बोट लागली की एसटी सुटेल असं दोन्ही खात्यांकडून लेखी घ्या. कोणत्या दिवशी बोट जाणार नाही हे ठरवण्याचा अधिकार सारंगाला द्या आणि तो दिवस त्याच्या पगारातून कापू नका. पाच वर्षं तोटा सोसायची तयारी अंदाजपत्रकात आधीच लिहून ठेवा. जमलं तर दुसरी खाडी घ्या. समुद्रावरची रत्नागिरी बोट त्यानंतर सोपी जाईल, कारण तोवर आपल्याकडे बोट चालवणारी माणसं असतील. आज आपल्याकडे निविदा काढणारी माणसं आहेत.

आणि दर वर्षी पावसाआधी प्रत्येक लाँचवर, फेरीबोटीवर किती माणसं चढवायला परवानगी आहे तो आकडा बोटीच्या बाजूला हातभर अक्षरांत रंगवायला लावा. नोंदवहीत नको, बोटीवरच. प्रवाशाला मोजता येतं.

आपला,
किनाऱ्यावरचा एक करदाता

ता. क. — युनेस्कोच्या यादीचा उल्लेख वर केला, म्हणून एक राहिलेली गोष्ट. सुवर्णदुर्ग बघायला येणारा पाहुणा हर्णैच्या किनाऱ्यावरून मच्छीमाराच्या होडीत बसतो आणि किल्ल्याजवळ पाण्यातच उतरतो. थळहून खांदेरीला जाणाऱ्याची गत फार वेगळी नाही. पाहुणे वाढणार आहेत, आणि ही होडी मासेमारीची आहे, प्रवाशांची नाही. उद्या काही झालं तर पहिली अटक त्या होडीवाल्याला होईल. त्याला प्रवासी परवाना, विमा आणि आठवडाभराचं प्रशिक्षण आपल्या खात्याने या हंगामाआधी स्वतःहून द्यावं. तो मागायला मुंबईला येणार नाही, त्याच्या धंद्याचे दिवस असतात.